चिमूटभर मेणाची अक्कल

मे महिन्यात तापते आणि जुलैत तापता तापत नाही, अशी आमच्या पिकअपची तऱ्हा होती.

गाडी धाकट्या भावाची. मे महिन्यात माणगावहून हापूसच्या पेट्या भरून तो ताम्हिणी चढायला लागला की घाटमाथा येईपर्यंत काटा तांबड्यात. मग बॉनेट उघडायचं, झाडाच्या सावलीत अर्धा तास बसायचं आणि इंजिन शांत झालं की पुढं निघायचं. त्याच गाडीतून जुलैत मी पौडवरून युरियाच्या गोण्या घेऊन निव्याकडं निघालो, तर काटा जागचा उठेना. लावणीचे दिवस. पाऊस नुसता कोसळत होता, ढग रस्त्यावर उतरले होते आणि पुढची काच आतून पांढरीफटक. हीटरचा खटका तांबड्या टोकापर्यंत सरकवला, तर आला तो वारा फ्रीजचं दार उघडल्यासारखा. वीसेक किलोमीटर चाललेलं इंजिन एव्हाना चांगलं तापलेलं असायला हवं होतं. शेवटी एका हातात स्टेअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं घेऊन, काच पुसत पुसत, गोगलगाईच्या गतीनं गाव गाठलं.

हे दोन वेगळे आजार असणार असं मी धरून चाललो होतो. उन्हाळ्यातला एक, पावसाळ्यातला दुसरा. निघाला एकच. आणि तोही असा, की इंजिनात काही बिघडलेलं नव्हतं. एक वस्तू जागेवर नव्हती, एवढंच.

पौडच्या रस्त्याला ताडपत्रीखाली एक गॅरेज आहे. मिस्त्री साठीच्या घरातले, सगळे त्यांना मामा म्हणतात. "गाडी रात्रभर इथंच राहू द्या, सकाळी गार असताना बघू," हे त्यांचं पहिलं वाक्य. सकाळी त्यांनी मला इंजिन चालू करायला लावलं आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. दोन मिनिटंही झाली नसतील. "या, लावा हात." पाइप कोमट होता.

"इथंच चुकतंय," मामा म्हणाले. "हा पाइप आत्ता गार पाहिजे. चांगला सात-आठ मिनिटं गार पाहिजे, आणि मग एकदम चटका. असा हळूहळू तापतोय म्हणजे आत दार नाही."

इंजिन बंद केलं. घमेल्यात थोडं पाणी काढून घेतलं. चहाच्या रंगाचं, गंजाचा वास असलेलं. ज्या तोंडावर वरचा पाइप बसतो त्या ॲल्युमिनियमच्या टोपीचे बोल्ट मामांनी दहाच्या पान्यानं सैल केले, टोपी उचलली आणि आत बोट घालून गोल फिरवलं. "वॉल नाही. कुणी काढला?"

भावाला आठवलं. दोन वर्षांपूर्वी गाडी तापत होती म्हणून एका गॅरेजात दाखवली होती. तिथल्या माणसानं काहीतरी काढून टाकलं आणि म्हणाला, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? हे वाक्य महाराष्ट्रातल्या गॅरेजांमध्ये इतक्या ठिकाणी ऐकू येतं, की तो बिचारा एकटा काही त्याचा धनी नाही. बोलायला ते फार पटण्याजोगं आहे. हा वॉल, म्हणजे थर्मोस्टॅट, थंडीच्या देशातल्या लोकांचा लाड, आपल्या उन्हात त्याची अडचणच. मलाही दोन वर्षं ते पटलं असतं.

आता ते का खोटं आहे, हे सांगायला मला आजीच्या न्हाणीघरात जावं लागेल.

तिथं तांब्याचा बंब होता. ज्यांनी बंब पाहिला आहे त्यांनी डिझेल इंजिनाचा गाभा पाहिला आहे, फक्त त्यांना कुणी तसं सांगितलेलं नाही. मधोमध उभी नळी, तिच्यात निखारे. नळीच्या चहूबाजूंनी पाणी. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी बाहेर. पिकअपचं इंजिन म्हणजे असे चार बंब एका रांगेत बसवलेले. मधल्या नळीत निखाऱ्यांऐवजी डिझेलचे स्फोट, भोवती पाण्याची पोकळी. फरक इतकाच की बंबात आपल्याला पाणी हवं असतं आणि इंजिनात नळी वाचवायची असते. सिलिंडरमधला वायू क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातो. ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन त्या आगीला तोंड देतो, ते ६६० अंशांना वितळतं. पिस्टन वितळत नाही याचं कारण ती आग क्षणभरच टिकते आणि भोवतीचं पाणी अखंडपणे उष्णता उचलून नेत असतं. ढोबळ हिशेब असा, की डिझेलमधल्या उष्णतेचा एक तृतीयांशाच्या आसपास वाटा चाकांपर्यंत पोचतो, तेवढाच सायलेन्सरमधून हवेत जातो आणि उरलेल्यातला बहुतेक या पाण्याच्या गळ्यात पडतो. पाणी तो रेडिएटरपर्यंत नेऊन वाऱ्याला देतं आणि परत येतं.

इथपर्यंत ऐकलं की कुणीही म्हणेल: मग जितकं गार तितकं चांगलं!

नाही. इंजिन हे तापलेल्या अवस्थेसाठीच घडवलेलं यंत्र आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट गरम असतानाच्या मापानं ठेवलेली असते. गार असताना ती जरा सैल. तेल गार असलं की काकवीसारखं जड, आणि ते घुसळण्यात डिझेल खर्ची पडतं. गार भिंतींजवळ डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल रिंगांच्या कडेनं खाली उतरतं आणि तेलात मिसळून ते पातळ करतं. जळणातून निघालेली पाण्याची वाफ गार भिंतीवर दवासारखी जमते, डिझेलमधल्या उरल्यासुरल्या गंधकाशी मिळून आम्ल होते आणि लोखंड खाते. भावाची गाडी वर्षभर ॲव्हरेज कमी देत होती, त्याचं खापर त्यानं पंपावरच्या डिझेलवर फोडलं होतं.

म्हणजे इंजिनाला हवं आहे ते असं: सकाळी लवकरात लवकर तापायचं आणि एकदा तापलं की एका ठरावीक आकड्यापाशी थांबायचं. पौष महिन्यातली मुळशीतली पहाट असो की मे महिन्यातला माणगावचा उकाडा, रिकामी गाडी उतारावर असो की भरलेली चढावर. बाहेर काहीही असो, आत तेच तापमान. हे काम कुणावर सोपवणार? दर सेकंदाला काटा बघून तोटी फिरवणारा माणूस तर बॉनेटखाली बसवता येत नाही.

म्हणून पाण्याला दोन वाटा करून दिलेल्या असतात. एक आखूड: इंजिनातून निघायचं आणि पंपाच्या तोंडातून पुन्हा इंजिनात शिरायचं, गल्लीतल्या गल्लीत. दुसरी लांब: वरच्या पाइपातून रेडिएटरमध्ये, तिथून गार होऊन खालच्या पाइपानं परत. सकाळी लांब वाट बंद असते, त्यामुळं मूठभर पाणी तेच तेच फिरतं आणि चटकन तापतं. पुरेसं तापलं की लांब वाटेचं दार उघडतं. ते दार म्हणजे थर्मोस्टॅट, मामांच्या भाषेत नुसता 'वॉल'.

मुळशीत बसून पाण्याच्या दाराबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो. टाटांच्या धरणानं इथं पूर्वेला वाहणारी मुळा अडवली आणि तिचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडं, खाली भिऱ्याच्या वीजघराकडं वळवलं. त्या धरणाविरुद्ध १९२१ सालच्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि पुढं सेनापती बापट त्याचे नेते झाले. पाणी कुणी अडवायचं, कुठं वळवायचं आणि दाराची चावी कुणाच्या हातात, या प्रश्नांनी या खोऱ्यातल्या लोकांची घरंदारं ठरवली आहेत. इंजिनातलं दार बघून मला म्हणूनच जास्त नवल वाटलं असेल. तिथं चावी पाण्याच्याच हातात आहे.

आता मे आणि जुलैचं कोडं.

चांगल्या थर्मोस्टॅटला एकाच दांड्यावर दोन चकत्या असतात. वरची लांब वाटेवर, खालची आखूड वाटेवर. वरची उघडत जाते तशी खालची आखूड वाट बंद करत जाते. पूर्ण तापल्यावर सगळंच्या सगळं पाणी रेडिएटरला भेटूनच परत यावं, यासाठी ही सोय. आता हे काढूनच टाकलं तर काय होईल? दोन्ही वाटा कायमच्या सताड उघड्या. काही पाणी सकाळी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जातं. पाइप कोमट होतो तो म्हणूनच. जुलैच्या पावसात, हलक्या ओझ्यावर, एवढं गार होणंसुद्धा जास्तच ठरतं आणि काटा वर येत नाही. पण मे महिन्यात भरल्या गाडीनं घाट चढताना रेडिएटरला प्रत्येक थेंब हवा असतो, आणि नेमकं तेव्हा बरंचसं पाणी आखूड वाटेनं, गार न होताच, इंजिनात परत शिरत असतं. पाण्याला लांबची वाट धरायला सांगणारं तिथं कुणी नसतं. गाडी तापते म्हणून काढलेली वस्तू नसल्यामुळंच गाडी तापत होती.

याचं एक दुसरं स्पष्टीकरण गॅरेजांमध्ये फिरतं: वॉल काढला की पाणी इतक्या जोरात पळतं की रेडिएटरमध्ये गार व्हायला त्याला वेळच मिळत नाही. पटतं, पण चूक आहे. जोरात गेलेलं पाणी जोरात परतही येतं. एका फेरीत कमी गार होत असेल, पण फेऱ्या वाढतात, आणि एकूण उष्णता वाऱ्याला जास्तच दिली जाते. दोष वेगाचा नाही, वाटेचा आहे. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण पटल्यासारखं दिसलं नाही.

नवा थर्मोस्टॅट आणायला नाना पेठेत गेलो. गाडीच्या सुट्या भागांची पुण्यातली ती पंढरी. दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं, पुठ्ठ्याची छोटी खोकी काढली आणि माझ्या तळहातावर वस्तू ठेवली. अत्तरदाणीच्या झाकणाएवढी. पितळी चकती, खाली जाड स्प्रिंग, मधोमध पितळेची बंद डबी, डबीतून वर डोकावणारा एक बारीक चकचकीत खिळा. चकतीच्या कडेला छोटं भोक आणि त्यात सैल लोंबणारी टिकली, नथीतल्या मोत्यासारखी हलणारी. ना वायर, ना बॅटरी, ना चिप. डबीच्या बुडावर एक आकडा कोरलेला होता: ८२.

हा आकडा असा अर्धवट का? ८० का नाही, ८५ का नाही? थर्मोस्टॅटच्या दुनियेत ७१, ८२, ८८ असे आकडे सारखे भेटतात. फॅरनहाइटमध्ये मांडून बघा. १६०, १८०, १९०. अमेरिकी कारखान्यांचे गोल आकडे सेल्सिअसमध्ये आले आणि त्यांची गोलाई गेली. ७१ चाही एक इतिहास आहे. पूर्वी थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल घालत. ते लवकर उडून जाई, म्हणून इंजिनं गार ठेवावी लागत. पुढं ग्लायकॉल आलं, ते सहजी उकळत नाही. मग इंजिनं जास्त गरम चालवता आली, आणि ती तशीच जास्त काटकसरी निघाली.

बसवण्याआधी मी नवा थर्मोस्टॅट घरी उकळून पाहिला. भावजयीनं आधी "माझं पातेलं नाही मिळायचं" असं बजावलं, मग एक जुनं, पोचे आलेलं पातेलं दिलं आणि पनीर करायला आणलेला थर्मामीटरही. चकती आणि तिची बैठक यांच्या फटीत मी एक दोरा अडकवला आणि त्या दोऱ्यानंच थर्मोस्टॅट पाण्यात टांगला, बुडाला टेकणार नाही असा. स्प्रिंगनं दोरा घट्ट चिमटून धरला होता. गॅस बारीक.

६० अंशांना काही नाही. ७० ला बुडबुडे दिसायला लागले, थर्मोस्टॅट ढिम्म. ७८. ८०. भावाची मुलगी ओट्यावर कोपरं टेकून बघत होती, ती कंटाळली. ८१ ला दोरा किंचित ढिला वाटला. आणि ८३ ला, काही ध्यानीमनी नसताना, ठण्! दोरा सुटला आणि थर्मोस्टॅट पातेल्याच्या बुडाशी. झाऱ्यानं उचलून पाहिलं तर चकती बैठकीपासून सुटली होती आणि फटीतून पलीकडचं दिसत होतं. पाणी उकळेपर्यंत ती फट करंगळी जाईल एवढी झाली. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेवढं पुरलं. मग तो गार पाण्याच्या वाटीत टाकला. आपण सोडलेला श्वास परत घ्यावा तशी चकती सावकाश मागं सरकली आणि बंद झाली. मुलीनं तो प्रयोग माझ्याकडून आणखी चार वेळा करून घेतला.

त्या डबीत काय आहे? मेण.

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली बघा. गोठलेल्या तेलाच्या मधोमध एक खळगा पडलेला असतो. पातळ असताना तेल बाटलीत सपाट होतं, घट्ट झालं तेव्हा आकसलं आणि मधे खचलं. मेणबत्ती ओतणाऱ्यांना हा खळगा पुन्हा भरावा लागतो. पाण्याचं उलट आहे. बर्फ होताना ते फुगतं आणि फ्रीजरमधली बाटली फोडतं. पाणी इतकं ओळखीचं की तोच नियम वाटतो, पण विचित्र आहे ते पाणी. मेण घट्टाचं पातळ झालं की दहा ते पंधरा टक्के फुगतं. हे फुगणं सावकाश, प्रत्येक अंशाला थोडं थोडं असं होत नाही; बहुतेक सगळं वितळण्याच्या त्या अरुंद पट्ट्यात उरकतं. पितळेच्या बंद डबीत मेण कोंडा, वर रबराची पिशवी आणि तिच्यात रोवलेला खिळा. मेण वितळलं की त्याला जागा हवी. पितळ हलत नाही. पातळ पदार्थ दाबून लहान होत नाही. मग खिळा बाहेर ढकलला जातो. जाड स्प्रिंग त्याच्यापुढं काहीच नाही. बोटांनी ती मला हलवता आली नव्हती.

खिळ्याचं टोक मात्र वरच्या कमानीला टेकलेलं असतं, ते हलू शकत नाही. म्हणून खिळा जागच्या जागी राहतो आणि डबीच खाली सरकते, चकतीला बरोबर घेऊन. कितीतरी वेळ मी हे उलटं समजत होतो.

८२ अंशांना वितळणारं मेण मिळतं कसं? पॅराफिन मेण म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. साखळीत वीस कार्बन असतील तर ते ३७ अंशांना, म्हणजे हातातल्या हातात वितळतं. तीस असतील तर ६६ ला. चाळीस असतील तर ८२ च्या आसपास. साखळी जितकी लांब तितकी सोडवायला उष्णता जास्त. निरनिराळ्या लांबीच्या साखळ्या मोजून मापून मिसळल्या की हवा तो आकडा जमतो, स्वयंपाकात मिठाचा हात जमावा तसा. मेण उष्णता पोचवण्यात आळशी, म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळतात. पाणी तापलं की बातमी आतल्या मेणाला लवकर कळावी. आणि पॅराफिन या नावातच त्याच्या दीर्घायुष्याचं कारण आहे. १८३० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल रायशेनबाखला ते सापडलं. कशाशीच त्याची रासायनिक क्रिया होईना, तेव्हा लॅटिनमधले 'थोडी' आणि 'सोयरीक' असे दोन शब्द जोडून त्याचं नाव बनलं. डबीत वर्षानुवर्षं, हजारो वेळा वितळून गोठून, ते बिघडत नाही. थर्मोस्टॅट मरतो तो गंजानं, क्षारानं किंवा रबर फाटून.

हे दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद असं नसतं, हेही लक्षात घ्यायला हवं. रस्त्यावर ते बहुतेक वेळ अर्धवट उघडं राहून मागंपुढं होत असतं. पाणी जरा तापलं, मेण जरा जास्त वितळलं, फट वाढली, गार पाणी आलं, मेण जरा गोठलं, फट कमी झाली. स्वतःच्या कामाचा परिणाम बघून स्वतःला सावरणारं यंत्र. अशा यंत्रांची वंशावळ काढली तर ती एका अंडी उबवणाऱ्या पेटीपर्यंत जाते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा डच माणूस इंग्लंडच्या राजदरबारी होता. थेम्स नदीत पाणबुडी चालवून दाखवणारा तोच हा. त्यानं उबवणीची पेटी केली: खाली आग, पेटीभोवती पाणी, पाण्यात अल्कोहोल भरलेली नळी. तापलं की अल्कोहोल फुगून पाऱ्याला ढकली, पारा एक दांडी उचली आणि दांडी आगीची हवा कमी करी. आग मंदावली की सगळं उलट. पिल्लांची ऊब सांभाळायला माणूस नको. आणि ही पेटीसुद्धा बंबाचीच बहीण.

मोटारी आल्या तेव्हा सुरुवातीच्या कितीतरी गाड्यांना ही अक्कल नव्हती. फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये थर्मोस्टॅट नव्हता आणि अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नव्हता. गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्या भरवशावर ती चाले. मग दार आलं, पण ते पत्र्याच्या भात्याचं. भात्यात लवकर उकळणारा द्रव, तो तापला की भाता फुगे. पुढं रेडिएटरला दाबाचं झाकण आलं. दाबाखालचं पाणी १०० च्या बरंच वर जाईपर्यंत उकळत नाही, आपल्या प्रेशर कुकरसारखं. पण तोच दाब भात्यालाही बाहेरून चेपायला लागला आणि भात्याचा हिशेब चुकायला लागला. मेणाला बाहेरच्या दाबाचं सोयरसुतक नाही. ते फक्त तापमान ओळखतं. १९३४ च्या सुमारास सर्जियस व्हर्नेनं मेणाची डबी तयार केली आणि आजतागायत ती टिकून आहे. हल्लीच्या काही गाड्यांत संगणक या मेणात एक बारीक विजेची तार तापवतो आणि दार मनाप्रमाणे लवकर उघडतो. मेण तिथंही आहेच. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये तर वॉल काढून टाकायची सोयच उरली नाही. इंजिन वेळेत तापलं नाही तर संगणक पी०१२८ असा शेरा लिहून डॅशबोर्डवर दिवा लावतो.

बसवायचं काम तासाभराचं. मामांनी जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे पत्तीनं खरवडून काढले, हळू, कारण ॲल्युमिनियमला ओरखडा गेला की तिथून पाझर सुरू. इंजिन दोनदा साध्या पाण्यानं धुऊन काढलं. थर्मोस्टॅट बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, म्हणजे गरम पाण्यात बुडेल अशी. उलटा बसवला तर मेण रेडिएटरच्या गार बाजूला राहतं, दार उघडतच नाही आणि हेड गॅस्केट जायला एक घाट पुरतो. ती नथीतली टिकली वरच्या अंगाला यायला हवी. तिच्या भोकातून कोंडलेली हवा निसटते. बोल्ट आवळताना मामांनी पाना आखूड धरला. "जोर दाखवायचा नाही, आटा जातो."

कूलंट तयार मिश्रणाचं घेतलं. भाऊ म्हणाला, थोडं बोअरचं पाणी घालून वाढवू. मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा आणायला गेला. घमेल्यातलं जुनं पाणी मात्र मी बंद कॅनमध्ये भरून ठेवलं. त्यात कधीकाळी कूलंट असणारच. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात विषारी असतं. रस्त्यावरचं कुत्रं किंवा एखादं वासरू चाटून जातं.

मग हवा काढायची. झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं, हीटर तांबड्या टोकाला. बुडबुडे येत राहिले, मामा कूलंट ओतत राहिले. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं, आणि मामांनी वरच्या पाइपवर हात ठेवला. मीही शेजारी ठेवला. तीन मिनिटं. पाइप गार. पाच मिनिटं. इंजिनाच्या अंगाला हात लावला तर कढत, आणि वीतभर अंतरावर हा पाइप विहिरीच्या पाण्यासारखा गार. आत कुठंतरी मेण वितळत होतं. सात मिनिटं.

"आला," मामा म्हणाले, माझ्या आधी. मग माझ्या तळव्याखालून काहीतरी गरम पळत गेलं. हात काढून घ्यावा लागला. आत डॅशबोर्डवर काटा अर्ध्यापर्यंत चढला होता, तो केसभर खाली आला आणि परत जागेवर जाऊन थांबला. रेडिएटरमधलं गार पाणी पहिल्यांदा आत आलं होतं.

ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यानं, तसल्याच ढगात गेलो. काच खालून वर, दोन अर्ध्या चंद्रकोरींसारखी स्वच्छ होत गेली. भावाची परीक्षा मात्र पुढच्या मे महिन्यात होती. माणगावहून भरल्या गाडीनं निघाल्यावर दोन तासांनी त्याचा फोन आला. मागं ट्रकचे हॉर्न आणि कुणीतरी कणसं विकत असल्याचा आवाज.

"काटा?" मी विचारलं.

"अर्ध्यावर. हललाच नाही."

"मग थांबलास कशाला?"

"दरवर्षी थांबतो ना इथं. गाडीला नको असेल, मला चहा लागतो."